अर्धेलीचं घर

बाबांना एकदा परदेश दाखवायचा, हे आमच्या घरात चार वर्षं ठरत होतं आणि दर वेळी एकाच प्रश्नाशी येऊन अडत होतं: ते जेवतील कुठे? बाबा माळकरी, वय चौऱ्याहत्तर. रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल आणि बसमधून उतरून फोटो काढायचे, हे त्यांना झेपणारं नव्हतं. मला हवं होतं एक घर. चूल आपल्या ताब्यात असेल आणि आठवडाभर एकाच ओट्यावर बसता येईल, असं.

ते घर इटलीतच शोधायचं कारण म्हणजे यशवंत घाडगे. आम्ही मूळचे माणगाव तालुक्यातले. नाईक यशवंत घाडगे आमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतला हा बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरातल्या लढाईत पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि बाबा तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. २०२३ च्या जुलैमध्ये बातमी आली, की इटलीतल्या मोंतोने नावाच्या डोंगरावरच्या छोट्या गावाने घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं केलंय. बाबांनी ते कात्रण माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. बोलले काही नाहीत.

मोंतोने उंब्रियात आहे. टस्कनीला लागून असलेला, समुद्र नसलेला डोंगराळ प्रदेश. तिथे घर शोधताना एक शब्द सारखा भेटत होता, 'आग्रितुरिस्मो'. शेतावरचं पाहुणघर. आपल्याकडे कृषी पर्यटनाचं धोरण २०२० साली आलं, इटलीत याचा कायदा १९८५ चा आहे आणि २००६ मध्ये तो नव्याने केला. त्यातली एक अट मला फार पटली. पाहुणे हा जोडधंदा, शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. शेत पडीक टाकून नुसत्या खोल्या भाड्याने दिल्या, तर त्याला आग्रितुरिस्मो म्हणता येत नाही. म्हणून मी पोहण्याचा तलाव असलेली घरं बाजूला काढली. घरमालकांना एकच प्रश्न पाठवत गेले: ऑक्टोबरच्या शेवटी तुमच्या शेतात काय चाललेलं असतं? मोंतोने आणि पिएत्रालुंगाच्या मधल्या डोंगरातून एका बाईंचं उत्तर आलं, 'ऑलिव्ह उतरवतो. मदतीला आलात तर आनंद आहे.' तेच घर घेतलं. दिवाळीची सुट्टी साधून २६ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२४, आठ रात्री.

व्हिसाच्या बाबतीत एवढंच सांगते, की घरात राहणार असाल तर मालकाचं पत्र नीट घ्या. त्यात तारखा, सगळ्यांची पासपोर्टवरची नावं, पत्ता आणि पैसे भरल्याचा उल्लेख हवा. आमच्या पत्रात बाबांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. ते बदलून घेण्यात चार दिवस गेले आणि मुंबईतली भेटीची वेळ पुढे ढकलावी लागली. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो झाली आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची ४५. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बाबांच्या वयाला तो महाग पडला, पण तिथे काटकसर करू नये. गाडी मी चालवणार होते म्हणून आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. इटलीत आपल्या लायसन्सबरोबर तो लागतोच.

फराळाचा प्रश्न मोठा होता. युरोपीय देशांत बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत. आईच्या माघारी दिवाळीचा फराळ बाबांच्या देखरेखीखाली होतो. त्यांनी शांतपणे यादी दोन भागांत केली. चकली, शेव, चिवडा इथून करून न्यायचं. बेसनाचे लाडू तिथे. लोण्याचं तूप काय, कुठेही कढवता येतं.

रोमच्या विमानतळावर भाड्याने गाडी देणाऱ्या खिडकीपाशी आमची दोन तास कोंडी झाली. गाडी माझ्या नावावर, क्रेडिट कार्ड नवऱ्याचं. अनामत रक्कम चालवणाऱ्याच्याच कार्डावर अडकवायची हा नियम, आणि माझ्या कार्डाची मर्यादा अपुरी. पुण्याच्या बँकेला फोन करून मर्यादा वाढवून घेईपर्यंत बाबा ट्रॉलीवर बसून हरिपाठ म्हणत होते. हे घरून निघण्यापूर्वी तपासायचं असतं.

रोमहून ओर्तेपर्यंत पैसे देऊन वापरायचा मोठा महामार्ग, तिथून टायबरच्या खोऱ्यातून वर जाणारा ई-४५. त्याला टोल नाही. पेरूजा मागे पडलं, उंबेर्तिदे आलं आणि रस्ता सोडून डोंगर चढू लागलो. शेवटचे तीन किलोमीटर डांबर नव्हतं, पांढऱ्या खडीची वाट होती. मालकीणबाईंनी आधीच लिहून पाठवलं होतं, 'चॅपेलनंतर फोनमधला नकाशा बंद करा. तो तुम्हाला ओढ्यात नेईल. डावीकडे सरूची तीन झाडं दिसली की वळा.' तसंच केलं. संध्याकाळ उतरत होती आणि खालचं खोरं धुक्याने भरायला लागलं होतं.

घर दगडी, दोन मजल्यांचं. बाहेरच्या अंगाला दगडी जिना. त्या जिन्याने थेट वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात जायचं. खालच्या मजल्यावर आता बैठकीची खोली होती. मी सामान मोजत होते, नवरा दिव्याची बटणं शोधत होता. बाबा सरळ समोरच्या भिंतीपाशी गेले. तिथे भिंतीला धरून लांबलचक दगडी-विटांचं कुंड होतं. त्यावर कुणी पुस्तकं आणि मेणबत्त्या मांडल्या होत्या. बाबांनी कडेवरून हात फिरवला. कडा मधेमधे झिजून गुळगुळीत झाली होती.

"गव्हाण आहे," ते म्हणाले. "गुरांच्या मानेने झिजलीय. हा गोठा होता."

मग ते एकटेच घरभर फिरले. गोठ्याच्या बरोबर वर स्वयंपाकघर, म्हणजे थंडीत जनावरांची ऊब वर चढायची. कोपऱ्यात माणूस आत बसू शकेल एवढं मोठं धुरांडं. पीठ मळायची झाकणाची लाकडी पेटी. बाहेर अंगणात वेगळी भट्टी, भाकऱ्या नव्हे तर आठवड्याचे पाव एकदम भाजायची. आणि घरासमोर विटांनी फरसबंद केलेली, थोडीशी उताराची मोकळी जागा. तिथे ते थांबले आणि पायाने जमीन चाचपली.

"खळं," ते म्हणाले.

त्या जागेला इटालियनमध्ये 'आया' म्हणतात. मळणीची जागा. मुलीने फोनवर शोधून सांगितलं तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली. त्यांना ते सांगायची गरज नव्हती.

मालकीणबाई साठीच्या. डोंगराच्या कडेला थोडं वर त्यांचं राहतं घर होतं. तिथे त्या, त्यांचे यजमान आणि शहाऐंशी वर्षांच्या त्यांच्या आई राहत. आईंना सगळे 'नोन्ना' म्हणत, म्हणजे आजी. आमची मुलगीही तेच म्हणू लागली. बाबा मालकीणबाईंना पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणत आणि त्या त्याला ओ देत. पहिल्या रात्री त्यांनी आमचे पासपोर्ट पाहून नोंद करून घेतली. पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवायचा तिथे कायदाच आहे. मग घराचे नियम सांगितले. आठ दिवस त्या घरात राहून जे शिकलो ते थोडक्यात असं. विजेचा जोड तीन किलोवॉटचा असतो. ओव्हन, कपड्याचं मशीन आणि पाण्याची किटली एकत्र लावली की घरभर अंधार, मग बाहेर जाऊन मीटरचं बटण वर करायचं. पहिल्या दोन दिवसांत हे तीनदा झालं. हीटरचे पैसे वेगळे, मीटरप्रमाणे. लाकूड फुकट. कचरा पाच डब्यांत. दुकानं दुपारी बंद होतात ती संध्याकाळीच उघडतात. फळं-भाज्यांना हाताने शिवायचं नाही, प्लास्टिकचा हातमोजा घालून पिशवीत भरायची, स्वतः वजन करून चिठ्ठी चिकटवायची. आणि सर्वांत महत्त्वाचं, जंगलात पायी फिरायचं ते मंगळवारी आणि शुक्रवारी. या दोन वारी देशभर शिकारीला बंदी असते. इतर दिवशी पहाटेपासून रानडुकरांमागे बंदुका वाजत. मंगळवारी आम्ही ओकच्या रानातून दोन तास चाललो आणि मुलीला पायवाटेवर साळिंदराचे तीन काटे सापडले. बाबांनी ते तिच्या वहीत ठेवायला लावले. तसेच काटे त्यांनी लहानपणी कोकणात वेचले होते.

जेवणाची चिंता मी उगाच केली, असं म्हणणार नाही. हा डुकराच्या मांसाचा मुलूख आहे. घेवड्याच्या आमटीतसुद्धा चरबीचा तुकडा असतो. मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण असतं. विचारल्याशिवाय काही खाऊ नये. म्हणून आम्ही घरीच रांधलं. तिथली मसूर, छोले, काळपट हिरवा पानकोबी, टोमॅटो. पाव मात्र बाबांना फार आवडला. उंब्रियातला पाव बिनमिठाचा असतो. अनेकांना तो बेचव लागतो. बाबा म्हणाले, भाकरीत तरी कुठे मीठ असतं? मीठ कालवणात. आणि मेतकूट-तेल लावून तो पाव खाल्ला.

सोमवारी नोन्नांनी आम्हाला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावलं. निखाऱ्यांवर जाड, गोल, सपाट तवा तापत होता. त्याला 'तेस्तो' म्हणतात. पूर्वी तो माती आणि बारीक खडी मिसळून घरीच करत, आता लोखंडी किंवा सिमेंटचा मिळतो. नोन्नांनी चिमूटभर पीठ तव्यावर टाकलं. ते हळूहळू तांबूस झालं तसा तवा तयार. मग पीठ, पाणी, मीठ आणि किंचित सोडा घालून मळलेला गोळा हाताने थापून त्यावर टाकला, काट्याने टोचला, उलटला, शेवटी कडेवर उभा करून निखाऱ्याशी फिरवला. पेरूजाकडे याला 'तोर्ता अल तेस्तो' म्हणतात, या खोऱ्यात 'चाच्चा'. मधोमध चिरून आत परतलेली रानभाजी. बाबांनी पहिला घास खाल्ला आणि मला म्हणाले, "ह्यांना सांग, पुढच्या वेळी मी थापतो." मी सांगितलं. नोन्नांनी त्यांच्या हातात लगेच गोळा दिला. बाबांनी दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत, परातीशिवाय, हवेतल्या हवेत भाकरी मोठी केली. नोन्नांनी ताईंना हाक मारून बोलावलं, बघायला.

त्याच दुपारी खळ्यावरच्या बाकावर हे दोघं बसले होते. मी फोनवरच्या भाषांतराने मधे मधे मदत करत होते, पण खरं बोलणं फोनशिवाय झालं. बाबांनी घराकडे बोट दाखवून विचारलं, तुमचं? नोन्नांनी मान हलवली. आता आमचं, तेव्हा नाही. मग त्यांनी डावा तळहात उघडा धरला आणि उजव्या हाताची कड मधोमध ठेवली, सुरीसारखी. अर्धं. बाबा क्षणभर बघत राहिले. त्यांनी आपला तळहात उघडला आणि तशीच दुसऱ्या हाताची कड ठेवली.

मग उलगडा होत गेला. या भागातली बहुतेक शेती 'मेत्साद्रिया' पद्धतीने चाले. 'मेत्सो' म्हणजे अर्धा. जमीन, घर मालकाचं; राबणारं कुटुंब कुळाचं; पीक निम्मं निम्मं. मोठ्या मालकाचा कारभारी वाटणीला खळ्यावर येऊन उभा राहायचा. वर सणावाराला अंडी, कोंबड्या मालकाच्या घरी पोचवायच्या. घरातला कर्ता पुरुष 'कापोच्चा', घर चालवणारी बाई 'मस्साया', आणि पंधरा-पंधरा माणसं या एका छताखाली. नोन्नांची आई या घराची मस्साया होती. १५ सप्टेंबर १९६४ च्या कायद्याने नव्याने असे करार करायला बंदी झाली, १९८२ च्या कायद्याने उरलेल्यांना ठरलेल्या खंडावर जमीन मागण्याची वाट मिळाली. पण तोवर बरीच कुळं शहरांतल्या कारखान्यांकडे निघून गेली होती. डोंगराडोंगरांवरची अशी दगडी घरं ओस पडली. आज जी घरं पाहून आपण 'काय सुंदर' म्हणतो, त्यांतली किती तरी मुळात कुळांची घरं आहेत. नोन्नांचे वडील मात्र गेले नाहीत. कर्ज काढून त्यांनी हे घर आणि थोडी जमीन मालकाकडून विकत घेतली. सगळ्यांनी वेडा म्हटलं, असं नोन्ना म्हणाल्या.

बाबांनी त्यांना आमच्याकडचं सांगितलं, आणि त्यातलं काही मलाही नवीन होतं. माझे आजोबा खोताची जमीन अर्धेलीने करायचे. भात खळ्यात आलं, की खोताचा माणूस पायली घेऊन बसायचा. निम्मं त्याचं. पहिली काकडी, पहिलं कोहळं, दिवाळीला कोंबडी त्याच्या वाड्यावर. पावती कधी मिळाली नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्याने कसणारा मालक ठरला. त्या वेळी बाबा सात वर्षांचे. पण आपण ही जमीन कसत होतो हे आजोबांना दाखवता येईना, कारण हातात कागदच नव्हता. पाच तुकड्यांपैकी दोनच सातबाऱ्यावर आले. "एक पावती असती तर," एवढंच बाबा म्हणाले. मी ते इटालियनमध्ये कसं सांगावं हे शोधत होते, तेवढ्यात नोन्नांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मंगळवार-बुधवार नवरा आणि मुलगी चित्ता दी कास्तेल्लोला जाऊन आले. या खोऱ्यात तंबाखूचं पीक मोठं. तिथल्या तंबाखू सुकवायच्या प्रचंड काळ्या वखारींत आता आल्बेर्तो बुरी या चित्रकाराची अवाढव्य चित्रं लावली आहेत. गावातल्या त्याच्या दुसऱ्या संग्रहालयात गोणपाट शिवून केलेली चित्रं पाहून मुलगी फार बोलत आली. मी गेले नाही. मी ऑलिव्हवर होते.

ऑलिव्ह उतरवणं हे बघायला सोपं, करायला कंबर मोडणारं काम आहे. झाडाखाली आधी जाळी पसरायची, उतारावर तिची खालची कड काठ्यांनी उचलून धरायची, नाही तर फळं घरंगळत ओढ्यापर्यंत जातात. मग हातातल्या छोट्या प्लास्टिकच्या दात्याने फांद्या विंचरायच्या. उंच फांद्यांना यजमान लांब दांड्याचं, बॅटरीवर थरथरणारं यंत्र लावत. फळं जांभळी, हिरवी, अर्धी-अर्धी, सगळी एकत्र. काळी पिकेपर्यंत थांबत नाहीत, तेलाचा तिखटपणा जातो. जाळीतला पाला हाताने निवडायचा आणि फळं भोकांच्या क्रेटमध्ये भरायची. पोत्यात भरली तर तापतात आणि तेल खराब होतं. बाबांना आम्ही फक्त निवडायला बसवलं होतं. अर्ध्या तासाने ते दाता घेऊन झाडाखाली होते.

त्यांनीच विचारलं, की प्रत्येक झाडाला बुंध्यापासून तीन-तीन, चार-चार खोडं का? आपल्याकडे असं फुटवं तोडल्यावर येतं. ताई म्हणाल्या, बरोबर ओळखलंत. जानेवारी १९८५ मध्ये इथे अशी थंडी पडली, की मध्य इटलीतली ऑलिव्हची झाडं उभीच्या उभी मेली. लोकांनी ती जमिनीलगत कापली. मुळं जिवंत होती. त्यांतून जे कोंब फुटले त्यांतले तीन-चार वाढू दिले. आम्ही विंचरत होतो ती झाडं वरून चाळीस वर्षांची, खालून कितीतरी जुनी.

तीन दिवसांत ४१२ किलो फळ निघालं. गुरुवारी रात्री साडेआठची तेलघाण्याची वेळ मिळाली होती. काढलेलं फळ शक्यतो एका दिवसात गाळायचं असतं, त्यामुळे या दिवसांत घाणे रात्रंदिवस चालतात आणि प्रत्येकजण आपल्या क्रेटवर नजर ठेवून बसलेला असतो. वजन, धुणं, पाला उडवणं, मग बियांसकट भरडणं. तो लगदा बंद भांड्यात तासाभराच्या आत हळूहळू घुसळला जातो, २७ अंशांच्या वर तापू न देता. शेवटी फिरत्या यंत्रातून नळीला धार लागते. ते तेल पिवळं नसतं. गढूळ, झगझगीत हिरवं, आणि वास ताज्या कापलेल्या गवताचा. शंभर किलोला साधारण तेरा किलो पडलं. घाणेवाल्याने निखाऱ्यावर भाजलेल्या पावाला लसूण चोळून त्यावर हे तेल ओतलं आणि बाबांच्या हातात दिलं. पहिल्या घासाला त्यांना जोराचा ठसका लागला. सगळे हसून टाळ्या वाजवू लागले. ताजं, चांगलं तेल घशाला मिरचीसारखं लागतं. तीच त्याची पारख.

शुक्रवारी, १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन. इटलीत त्या दिवशी सर्व संतांची सुट्टी असते, दुकानं बंद. म्हणून मी आदल्याच दिवशी बाजारातून शेवंतीच्या दोन मोठ्या कुंड्या आणून ठेवल्या होत्या, पिवळी आणि पांढरी. बाजार शेवंतीने भरून वाहत होता आणि मला केवढा आनंद झाला होता. लाडू तिथल्याच छोल्याच्या पिठाचे झाले, तूप मी त्यांच्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवलं. संध्याकाळी ताई आणि नोन्ना पूजेला आल्या. दारात शेवंती पाहून ताई थबकल्या. मग हळूच विचारलं, तुमच्याकडे आज कुणाचं श्राद्ध आहे का? शेवंती तिथे फक्त मृतांची. २ नोव्हेंबरला सगळं गाव तिच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत जातं, जिवंत माणसाला कुणी शेवंती देत नाही. मी घाबरून कुंड्या उचलायला लागले. नोन्नांनी अडवलं. बाबांनी काय सांगितलं ते मला आठवतं: "आमच्यात लक्ष्मीलाही शेवंती आणि गेलेल्या माणसालाही. राहू द्या." पणत्या आम्ही मातीच्याच नेल्या होत्या. त्यांत नवं हिरवं तेल घातलं. गव्हाणीच्या कडेवर बाराही पणत्या लावल्या. गोठ्यात दिवा लावायची वसुबारस यंदा प्रवासाच्या गडबडीत राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंतोनेला गेलो. खोरं धुक्यात बुडालेलं, वर लख्ख ऊन. शेवंतीची पिवळी कुंडी बाबांच्या मांडीवर. गावाच्या तटबंदीबाहेर गाडी लावून चढ चालत गेलो. स्मारकावर लॅटिनमध्ये एक ओळ आहे, अर्थ असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. बाबांनी चपला काढल्या. मुलीला त्यांनी घाडग्यांची गोष्ट तिथे उभं राहून पहिल्यापासून सांगितली. तुकडीतले सगळे पडले किंवा घायाळ झाले, हा एकटा उरला. मशीनगनच्या अंगावर धावून गेला, बॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला छाती-पाठीत टिपलं. त्याची कबर कुठेच नाही. इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. बाबांनी कुंडी ठेवली, तेलाची पणती ठेवली, पण वाऱ्याने ती पेटेना. त्यांनी पाच वेळा काडी ओढली. शेवटी मुलीने दोन्ही हातांचा आडोसा केला.

परतल्यावर नोन्नांनी विचारलं, किती वर्षांचा होता? बाबांनी दोन बोटं दाखवली, आणि पुन्हा दोन. नोन्नांनी छातीवर क्रूस केला. त्या उन्हाळ्यात त्या सहा वर्षांच्या होत्या. आघाडी पुढे सरकेपर्यंत सगळं घर खाली गोठ्यात गुरांबरोबर झोपायचं. त्यांना माणसांचे चेहरे आठवत नाहीत. खेचरं आठवतात, सामान लादलेली, एकामागून एक या वाटेने वर जाणारी, आणि ती हाकणारी पागोटेवाली माणसं.

रविवारी निघताना हिशेब केला. हीटरचं मीटर वाचलं, घर झाडलं, खळं बाबांनी झाडलं. ताईंनी तेलाचा पाच लिटरचा डबा पुढे केला. फोनवर लिहून दाखवलं: तुमच्या वडिलांनी उतरवलेल्या फळाचं निम्मं तेल, तुमचा वाटा. बाबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. डबा त्यांनी हातात घेतला, आणि परत खाली ठेवला.

"वाटा नको," ते म्हणाले. "विकत द्या म्हणावं."

ताई नाही-नाही म्हणत राहिल्या. बाबा ऐकेनात. नोन्नाच मग ताईंना काही तरी म्हणाल्या, आणि ताई आतून पावतीपुस्तक घेऊन आल्या. लिटरला चौदा युरो, एकूण सत्तर. बाबांनी नोटा मोजून दिल्या, पावती उन्हात धरून आकडे बघितले, तिची नीट घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.